पट्टीवर ‘सीनियर’, पट्टीखाली ‘स्टिफ’

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझी ६२ हजार रुपयांना फसवणूक झाली, आणि तीही गोल्फच्या क्लबांच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांच्या, अशा खरेदीत, की जिची शहानिशा करायला स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि कोन मोजण्याचे एखादे साधे उपकरण पुरेसे होते. पिंपरीतील एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात मी तीस वर्षे काढली; मापे घेतल्याशिवाय पुरवठादाराचा एकही नग मी आत येऊ दिला नाही. त्यामुळे हे लिहिताना विक्रेत्याचा जितका राग येतो, त्याहून अंमळ अधिक स्वतःचाच येतो.

येरवड्याच्या मैदानावर मी बरीच वर्षे गोल्फ खेळतो आहे. साठीपर्यंत माझा सात नंबरचा आयर्न (धातूच्या तोंडाचा क्लब; नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब आणि खालून जातो) १३५ यार्ड जात असे. पुढे खांद्याचे दुखणे आले, स्विंगचा वेग मंदावला आणि तोच फटका ११० यार्डांवर येऊन टेकला. जुन्या सेटचे शाफ्ट, म्हणजे क्लबचे दांडे, स्टीलचे, एकेक १२५ ग्रॅमच्या घरातले. आता हलका ग्रॅफाइट शाफ्ट घ्यावा आणि तो ‘सीनियर’ फ्लेक्सचा, म्हणजे मंद स्विंगलाही पुरेसा वाकणारा असावा, असा सल्ला सोबत्यांनी दिला. सल्ल्यात काहीही चूक नव्हती.

गेल्या दिवाळीच्या सुमारास पुण्यातल्याच एका विक्रेत्याकडे वापरलेला, पण नव्यासारखा दिसणारा सेट मिळाला. चार नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (जवळच्या फटक्यांचा, जास्त तिरप्या तोंडाचा क्लब) सात क्लब होते आणि प्रत्येक शाफ्टवर ‘सीनियर’ अशी चकचकीत पट्टी होती. विक्रेत्याने मला जाळीसमोर उभे केले, आधी माझ्या जुन्या सात नंबरने दहा चेंडू मारायला लावले आणि मग नव्या सात नंबरने दहा. फटका मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर जुन्याची सरासरी १०९ यार्ड आली, नव्याची १२६. ‘‘काका, सतरा यार्ड वाढले की! वय उलटं फिरलं तुमचं,’’ असे तो म्हणाला, आणि या वयात असे वाक्य कानावर पडल्यावर माणूस दुसरे काही ऐकत नाही. पक्के बिल हवे असेल तर जीएसटी वर पडेल, असे सांगून त्याने बिलाचा विषय मिटवला. मी ३० हजार यूपीआयने दिले आणि ३२ हजार रोख मोजले.

पहिल्याच रविवारी मैदानावर चेंडू लांब गेला खरा, परंतु तो उंच उठतच नव्हता. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, पडल्यावर थांबण्याचे नाव न घेता घरंगळत मागच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, जात होता. चौथ्यांदा असे झाल्यावर माझ्या नेहमीच्या कॅडीने, म्हणजे क्लबांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने, क्लब हातात घेतला, तोंड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘‘सर, हा सात नंबर आहे की पाच?’’

त्या संध्याकाळी जुना आणि नवा सात नंबर शेजारी ठेवून मी लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा, मोजला. जुन्याचा ३६ अंश भरला, नव्याचा साडेअठ्ठावीस. माझ्या जुन्या पाच नंबरचा लॉफ्ट २८ अंश आहे. कॅडीची शंका बरोबर होती: माझे वय उलटे फिरले नव्हते, क्लबवरचा आकडा बदलला होता. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे, की एवढ्यावर कोणाला लबाड म्हणता येत नाही. सात नंबरचा लॉफ्ट किती असावा याचा कोणताही नियम नाही. १९८०च्या दशकात तो साधारण ३६ अंशांच्या आसपास असे आणि आज मोठ्या तोंडाच्या अनेक आयर्नमध्ये २८ ते ३० असतो. अशा क्लबचे वजन तळाशी नेऊन चेंडू उचलण्याची सोय केलेली असते, परंतु ती सोय उपयोगी पडायलाही स्विंगला काहीएक वेग लागतो आणि माझ्यासारख्याजवळ नेमका तोच नसतो. लबाडी होती ती तुलनेत. नव्या सात नंबरची तुलना जुन्या पाच नंबरशी व्हायला हवी होती, आणि पडद्यावर केवळ अंतर न पाहता चेंडूची उंची आणि तो किती अंशांत खाली उतरतो हेही पाहायला हवे होते. ते आकडे त्याच पडद्यावर, अंतराच्या शेजारीच होते.

पिचिंग वेज ४३ अंशांचा निघाला. माझा सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायचा क्लब, ५६चा आहे. मधल्या तेरा अंशांत, म्हणजे साधारण ६० ते ९० यार्डांच्या पट्ट्यात, पूर्ण स्विंगने मारावा असा एकही क्लब माझ्याकडे उरला नाही. चार नंबरने तर आजवर एकदाही चेंडू धड हवेत गेलेला नाही. त्या जागी हायब्रिड, म्हणजे चेंडू सहज उचलणारा जाड तोंडाचा क्लब, घ्यायला हवा होता.

खरी फसवणूक मात्र महिन्याभराने उघडी पडली. कोपर दुखू लागले म्हणून मी सात नंबर वजनकाट्यावर ठेवला, तेव्हा तो ४१४ ग्रॅम भरला. तोंड २७० ग्रॅमच्या आसपास, ग्रिप सुमारे ५० आणि हलका सीनियर शाफ्ट ५०-६० ग्रॅमचा धरला, तर बेरीज ३७०-३८०पर्यंत यायला हवी. जादा वजन कुठे दडले आहे ते कळेना. तेवढ्यात पट्टीची एक कड किंचित सुटलेली दिसली. हेअर ड्रायरने तिला ऊब देऊन नखाने सोलली, तर खाली घासून पुसट केलेली मूळ छपाई होती आणि तिच्यात ‘९५’ (शाफ्टचे वजन, ग्रॅममध्ये) व ‘एस’ स्पष्ट वाचता येत होते. एस म्हणजे स्टिफ, वेगवान स्विंगच्या तरण्या खेळाडूचा शाफ्ट. माझ्या जुन्या स्टीलपेक्षा तो हलका असल्यामुळे जाळीसमोर मला फरक सुखावह वाटला आणि शंका आली नाही. उरलेल्या सहा क्लबांची वजनेही तशीच जादा भरली.

पट्टी खरी असती तरीही तिच्यावर विसंबणे चूकच होते, कारण फ्लेक्सच्या अक्षरांना सर्व कंपन्यांना बांधील असे प्रमाण नाही. एकाचा ‘सीनियर’ दुसऱ्याच्या ‘रेग्युलर’इतका ताठ असू शकतो. म्हणून प्रत्येक क्लबचा लॉफ्ट अंशांत आणि शाफ्टचे वजन ग्रॅममध्ये बिलावर लिहून मागावे, सोबत क्लबवरचा सिरीयल क्रमांकही नोंदवून घ्यावा, आणि विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुकानातून बाहेर पडावे.

विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते: ‘‘काका, आमच्याकडे माल येतो तसाच आम्ही विकतो.’’ मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. माझ्याजवळ ३० हजारांची यूपीआयची नोंद आहे आणि ‘सीनियर ग्रॅफाइट सेट’ असा त्याने स्वतः पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश आहे. रोख दिलेल्या ३२ हजारांचा मात्र कुठेच मागमूस नाही. उरलेल्या सहा पट्ट्या पुरावा म्हणून शाफ्टवर जशाच्या तशा ठेवाव्यात, असे वकिलांनी बजावले आहे, त्यामुळे तो सेट सध्या खेळताही येत नाही आणि विकताही येत नाही.