मामियान घागरा: स्वस्तातला घ्यायचा तर काय बघून घ्यावा

हानफू म्हणजे चीनमधल्या हान लोकांचा पारंपरिक पोशाख. तिथल्या हानफूवेड्या तरुणाईची पहिली खरेदी बहुतेक वेळा मामियान हा चुण्यांचा घागराच असते. टी-शर्टवरही खपून जातो, म्हणून ऑफिसातही दिसतो. बराचसा माल शांतोंग प्रांतातल्या त्साओ तालुक्यातून येतो.

रचना सोपी आहे. दोन पडदे एकाच कंबरपट्ट्यात शिवलेले; पुढे-मागे सपाट पाट, बाजूंना चुण्या. पट्ट्याची लांबी कंबरेच्या दीडपट हवी, म्हणजे 70 सेंमी कंबरेला साधारण 105. कमी पडली तर पुढचे पाट एकमेकांवर पुरते येत नाहीत आणि चालताना घागरा उघडतो. नेसताना पट्ट्याचा मध्य पाठीच्या कण्यावर धरा, एक टोक पुढे आणा, दुसरं त्यावर, मग नाड्या मागे फिरवून पुढे गाठ.

खालच्या काठावरची जरीची नक्षी विणलेली आहे की छापील, हे कापड उलटं करून बघा. विणलेल्यात मागे सुटे धागे दिसतात, छपाईची मागची बाजू फिकट असते. छापील वाईट नाही, पण विणकामाचा भाव देऊ नका. जरीत नखं आणि बॅगेची चेन हमखास अडकते.

पॉलिएस्टरच्या चुण्या उष्णतेने बसवलेल्या असतात, धुऊनही टिकतात. व्हिस्कोसच्या पहिल्याच धुण्यात मोडतात. चुण्या जुळवून, उभी गुंडाळी करून जुन्या लांब मोज्यात सरकवून ठेवा. घडी घालू नका.

रस्त्यात पोशाखाचे नियम शिकवणारे हौशी लोक, म्हणजे ‘हानफू पोलीस’, भेटतील. खुशाल दुर्लक्ष करा.