गांधीलमाश्यांसाठी आठ महिन्यांत जे जे वापरलं त्याचा अनुभव

आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो, नॅशनल पार्कच्या बाजूला, जुन्या सोसायटीत तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर थोडी मोकळी जागा आहे, तिथे एक चिकूचं झाड, कुंडीत लिंबू, कढीपत्ता आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. गांधीलमाश्या आधीही दिसायच्याच, आम्ही फार लक्ष दिलं नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात सासूबाई दोरीवरचा टॉवेल काढायला गेल्या आणि घडीत बसलेली माशी मनगटाला डसली. शेजारच्या काकूंनी लगेच लोखंडाची किल्ली घासली, चुना लावला, तरी दोन तासांत हात कोपरापर्यंत सुजला आणि आईंचं वय ७१, बीपीच्या गोळ्या चालू, त्यामुळे मी खरंच घाबरले.

डॉक्टरांनी सांगितलेलं आधी लिहिते कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. डसल्यावर जागा साबणाने धुवायची, बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढून टाकायच्या. मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो तसा हिचा राहत नाही, म्हणून काटा शोधत बसायचं नाही, आणि त्याच कारणाने एकच गांधीलमाशी परत परत डसू शकते. नुसत्या डसलेल्या जागी सूज असेल तर ती काही दिवसांत उतरते. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली किंवा उलटी झाली तर घरगुती काही करत बसायचं नाही, १०८ ला फोन किंवा सरळ रिक्षात घालून हॉस्पिटल, कारण तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. एकदम खूप माश्या डसल्या असतील तर लक्षणं नसली तरी दाखवायचं, किडनीवर परिणाम होऊ शकतो. आईंना देवाच्या कृपेने फक्त हाताची सूज होती.

मग त्या दिवसापासून जे मिळेल ते वापरायला सुरुवात केली.

पहिला खर्च पेस्ट कंट्रोलचा. नाव लिहीत नाही. फोनवर म्हणाले सगळं करतो, १,८०० रुपये घेतले, आणि माणूस आला दुपारी १२ वाजता. एसीच्या आऊटडोअर युनिटच्या मागे तळहाताएवढं पोळं होतं, त्याने खालूनच फवारा मारला, अंगावर साधा टीशर्ट. पोळ्यावरच्या बऱ्याच माश्या पडल्या पण दुपारच्या वेळी अर्ध्या माश्या बाहेर असतात ना, त्या परत आल्या आणि पोळं सापडेना म्हणून दोन दिवस खिडकीसमोर घिरट्या घालत होत्या, आम्ही खिडकी बंद करून बसलो, ऑक्टोबरच्या उकाड्यात. तिसऱ्या दिवशी त्याच युनिटच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवीन पोळं सुरू. फोन केला तर म्हणे एएमसी, म्हणजे वर्षभराचं कंत्राट, घ्या.

स्प्रे. दुकानात उडत्या किड्यांसाठी जे मिळतात त्यातला एक आणला, २४० रुपये. यातलं औषध पायरेथ्रॉइड प्रकारचं, ते किड्याच्या नसांवर काम करतं आणि माशी लगेच पडते, ते खरं आहे. अडचण लांबीची आहे. फवारा दोन-तीन फुटांपलीकडे जात नाही, म्हणजे तुम्हाला पोळ्याच्या अगदी जवळ जावं लागतं, आणि छज्जाखालचं पोळं असलं तर औषध आपल्याच तोंडावर येतं. शिवाय हे औषध मांजरांना आणि माशांना फार वाईट, आमच्याकडे मागच्या दारात शेजाऱ्यांची मनी झोपलेली असते आणि मुलाची फिशटँक खिडकीपाशीच, त्यामुळे मी दोनदा वापरून कपाटात ठेवून दिला. डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघून घ्या, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी.

ऑनलाइन खोटं पोळंही मागवलं, करड्या रंगाचा आकाशकंदिलासारखा कापडी गोळा, दोन नग ४९९ ला. माश्यांना वाटतं इथे दुसऱ्यांचं घर आहे म्हणून येत नाहीत असा दावा. एक महिना टांगला. त्याच्यापासून हातभर अंतरावर खऱ्या माश्यांनी पोळं घातलं. घेऊ नका.

बाटलीचा सापळा घरीच केला, दोन लिटरची बाटली कापून वरचा भाग उलटा बसवायचा, आत गुळाचं पाणी आणि थोडं व्हिनेगर, व्हिनेगर घातलं की मधमाश्या येत नाहीत. तीन आठवड्यांत त्यात चिलटं, मुंग्या, घरमाश्या भरपूर आणि गांधीलमाश्या चार. आणि मी तो ग्रिललाच अडकवला होता म्हणजे उलट त्यांना घराजवळच बोलावत होते. कोणी लावणार असेल तर घरापासून लांब, कंपाउंडच्या टोकाला लावा, पण माझ्या मते त्याने पोळं जात नाही, फक्त फिरणाऱ्या चार माश्या जातात.

खरा उलगडा नोव्हेंबरात झाला. सकाळी सातच्या सुमारास मी किचनच्या खिडकीत चहा घेऊन उभी होते. वर छज्जाला तपकिरी, बारीक कमरेच्या माश्यांचं एक उघडं पोळं होतं, बारीक देठाला लटकलेलं, कागदासारखं, षटकोनी घरं खालून दिसणारी. तेवढ्यात एक मोठी आली, त्यांच्या तिप्पट दिसत होती, काळी कुळकुळीत आणि पोटावर पिवळाधमक एकच रुंद पट्टा, आवाजही वेगळा, जड. ती पोळ्यावर उतरली आणि त्या बारक्या माश्या डसल्या नाहीत, भांडल्या नाहीत, सगळ्या उठून बाजूला भिंतीवर जाऊन बसल्या. मोठीने एकेका घराचं तोंड फाडलं, आतली पांढरी अळी ओढून काढली, पायांत धरून चावून तिचा गोळा केला आणि उडाली. पाच-सात मिनिटांनी परत. नऊ वाजेपर्यंत हेच. मी ऑफिसला उशिरा गेले त्या दिवशी.

मुलाने शोधून काढलं की ती मोठी म्हणजे वेस्पा ट्रॉपिका, तिचं मुख्य खाणंच मुळी बारक्या कागदी पोळ्यांतल्या अळ्या. म्हणजे आमच्या छज्जाला, एसीमागे, मीटर बॉक्सवर ही जी बारकी पोळी होती तीच मोठ्यांना घराकडे आणत होती. आणि बारक्या बहुतेक रोपालिडिया मार्जिनाटा, ज्यांच्यावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. राघवेंद्र गदगकर यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलंय. त्यातलं एक कळल्यावर माझा बराच गोंधळ मिटला, यांच्यात राणी आणि कामकरी माश्या दिसायला सारख्याच, राणी गेली तर उरलेल्यांतलीच एक राणी होते. त्यामुळे एखाददुसरी मारून पोळं मोडलं असं होत नाही, उरलेल्या माद्या परत सुरू करतात, एसीमागे तेच झालं होतं.

मोठ्यांचं पोळं काही दिसत नव्हतं कारण त्या उघड्यावर नाही, पोकळीत करतात, जमिनीतल्या बिळात, भिंतीच्या भगदाडात, झाडाच्या ढोलीत. मुलगा दोन संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून फक्त त्या कुठे जातात ते बघत बसला. उडताना त्या सरळ रेषेत जातात. कंपाउंडच्या भिंतीत जांभळाच्या मुळाने फट पडलीय तिथे एक जात होती एक येत होती. वॉचमन म्हणाला रॉकेलचा बोळा पेटवून कोंबतो, मी हात जोडून नाही म्हटलं, बाजूलाच महानगर गॅसची लाईन आणि इलेक्ट्रिकची वायर. आग अजिबात नको, कोणी कितीही सांगितलं तरी.

या वेळी दुसऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना आधीच विचारलं, किती वाजता येणार, अंगावर काय घालणार, काय वापरणार. तो रात्री साडेआठला आला, पूर्ण सूट, तोंडावर जाळी, टॉर्चला लाल जिलेटिन पेपर कारण लाल उजेड त्यांना नीट दिसत नाही. फटीत द्रव नाही, पावडर फुंकली, जाता-येता माश्यांच्या पायाला लागून आतपर्यंत जाते. भोक लगेच बुजवलं नाही, हे महत्त्वाचं, बुजवलं तर त्या दुसरीकडून वाट काढतात. दोन दिवस एकही माशी ये-जा करताना दिसली नाही तेव्हा तिसऱ्या दिवशी गवंड्याकडून सिमेंट भरून घेतलं. २,५०० गेले पण हे पैसे वसूल. म्हणजे पेस्ट कंट्रोल वाईट किंवा चांगलं असं नाही, दिवसा येतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा एवढंच.

फेब्रुवारीपासून मी आणि मिस्टर दर रविवारी सकाळी साडेसहाला घराला एक चक्कर मारतो. छज्जाखाली, ग्रिलच्या मागे, एसी, मीटर बॉक्स, कुंड्यांच्या स्टँडखाली, जुन्या सागवानी खिडकीच्या वर. नवीन पोळं एक रुपयाच्या नाण्याएवढं असतं, त्यावर एक किंवा दोन माश्या, आणि गारव्याला त्या सुस्त. तेव्हा फक्त साबणाचं पाणी लागतं. झाडांना औषध मारायचा दोन लिटरचा हाताने हवा भरायचा पंप, ३५० ला मिळाला, त्यात लिटरभर पाण्याला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन मोठे चमचे, नोझल धारेवर ठेवायचं. सात-आठ फूट धार जाते. साबणाने पाणी माशीच्या अंगाला चिकटतं आणि तिची श्वासाची भोकं बंद होतात, साध्या पाण्याने ती नुसती भिजते आणि चिडते. माश्या पडल्या की जाळ्या काढायच्या लांब झाडूने पोळं देठासकट खरवडायचं. आतापर्यंत ११ काढली. पूर्ण बाह्या, कानटोपी, चष्मा, मागे पळायची वाट मोकळी, आणि शिडीवर चढून कधीच नाही. एसीजवळ साबणपाणी मारायचं असेल तर मेन बंद करून. तळहाताएवढं झालेलं किंवा हात न पोचणारं असलं तर आम्ही लावत नाही हात.

पाणी आणि खाणं बंद करणं हेही तितकंच कामाचं निघालं. एसीचं पाणी जिथे ठिबकायचं तिथे एप्रिलमध्ये माश्या रांगेने पाणी प्यायला यायच्या, आता पाइप झाकणाच्या बादलीत सोडलाय. पडलेले चिकू मी रोज उचलते, पिकून फुटलेल्या एका चिकूवर एकदा सहा माश्या मोजल्या होत्या. कोळीण मावशी मागच्या दारात मासळी साफ करून द्यायच्या, त्यांना आता पुढे बसवते आणि खवले-डोकी पिशवीत बांधून लगेच ओल्या कचऱ्यात, जागा पाण्याने धुवून. सागवानी चौकटीला पॉलिश केलं, कारण त्या कोरडं लाकूड खरवडून थुंकीत कालवून पोळ्याचा कागद करतात, चौकटीवर त्यांच्या दातांच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि आम्ही इतके दिवस ती वाळवी समजत होतो.

जाळी. तीन खिडक्या आणि मागचं दार मिळून ६,२०० आला, खिडक्यांना वेल्क्रोची आणि दाराला घडी होणारी. एसी पाइपच्या भोकाभोवती एम-सील. वेल्क्रोबद्दल तक्रार आहे, उन्हाच्या बाजूच्या खिडकीची पट्टी मे महिन्यात सुटली, गोंद वितळतो, ती परत लावताना खिळ्याच्या पट्टीने बसवून घेतली. दाराची जाळी उत्तम, आठ महिन्यांत मी सगळ्यात समाधानी त्याच खर्चावर आहे, डासही कमी झाले. फक्त लहान मुलं असतील तर खालचा रूळ रोज पुसावा लागतो नाहीतर अडकते.

एक सांगायचं राहिलं, सगळ्याच माश्या काढू नका. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवरच्या अळ्या याच बारक्या माश्या उचलतात, म्हणून कंपाउंडच्या लांबच्या कोपऱ्यातलं पोळं आम्ही ठेवलंय, तिथे कोणी जात नाही. मातीचं घर करणारी कुंभारीण तर कोणाला उगाच डसत नाही, तिचं घर आईंनी देवघराच्या वर तसंच राहू दिलंय. आणि उंच इमारतीला लटकलेलं आग्यामोहोळ हा वेगळाच विषय, त्याला साबण, स्प्रे, धूर काही करायचं नाही, ते पकडून दुसरीकडे सोडणाऱ्या माणसांनाच बोलवायचं.

फेब्रुवारीनंतर घरात कोणालाही डसलेली नाही. मोठी, पिवळ्या पट्ट्याची, मार्चपासून दोनदाच दिसली. आई परत स्वतः कपडे वाळत घालतात, फक्त प्रत्येक कपडा काढताना आधी झटकतात, ती सवय मलाही लागलीय. आता येत्या रविवारी मागच्या बाजूला पावसाळ्याची ताडपत्री बांधायची आहे, गेल्या वर्षी तिच्याच घडीखाली दोन पोळी निघाली होती, म्हणून या वेळी बांधायच्या आधी छज्जा टॉर्च मारून बघणार आणि ताडपत्री भिंतीला चिकटवून न बांधता मध्ये हात जाईल एवढी फट ठेवणार. कोणाचा ताडपत्रीचा वेगळा अनुभव असेल तर जरूर सांगा, मला उपयोग होईल.