माळवदाच्या सागवानावर वुड स्टेन: ८ महिन्यांनंतर

गावाकडचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, उतरवलं, तेव्हा दोन तुळया आणि एक खांब लातूरला आणला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या भागातल्या माणसांचा माळवदावरचा भरवसाच उठला. पण जीव घेतला तो डोक्यावरच्या मातीच्या ओझ्यानं आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंतींनी. सागवानाचा त्यात काय दोष? आजोबांच्या घरचं लाकूड जळणात जाऊ द्यायचं नाही, एवढं मनात पक्कं होतं.

जानेवारीत तुळयांचा जेवणाचा टेबल केला. अक्रोड रंगाचा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, वर छिद्रं बुजवणारा सीलर, मग मेलामाइनचं पारदर्शक पॉलिश. पहिले सहा महिने जो येईल त्याला टेबल दाखवत होतो.

जुलैत झड लागली आणि टेबलावर काळे डाग उमटले. रुपयाएवढे सात डाग, बरोबर जुन्या खिळ्यांच्या जागी. डबा घेऊन दुकानात गेलो, तर "लाकूड जुनं आहे, आम्ही काय करणार" म्हणून हात झटकले. त्या रागात या स्टेनला मी एकच तारा देणार होतो.

मग आमच्या मिस्त्रींनी टेबल पाहिला. "सर, रंगाला कशाला बोलायलाव? आत लोखंड ऱ्हायलंय." फुटक्या स्पीकरचं चुंबक फिरवलं तर सातही जागी चिकटलं. आरा मशीनवर देण्याआधी मी वरवर दिसणारे खिळे तेवढे उपटले होते, मोडकी टोकं आतच राहिली. सागवानात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ओल लागली की लोखंडाशी त्याचा संयोग होऊन लाकूड काळं पडतं. ते कुठलाही स्टेन झाकत नाही.

टोकं कोरून काढली, पॉलिश पेपरनं फिनिश उतरवलं आणि कोमट पाण्यात ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ब्रशनं लावलं. प्लास्टिकचं भांडं, हातमोजे, लेकरं लांब, कारण हे विष आहे. रात्रभर वाळू दिलं, सकाळी दोनदा धुतलं. डाग गेले! एवढ्या स्वस्त पुडीनं होणाऱ्या कामासाठी मी महिनाभर झोप घालवली होती.

ॲसिडनं लाकूडच उजळलं, म्हणून पुन्हा स्टेन लावला, तेव्हा दुसरी चूक कळली. पहिल्या वेळी ३२० नंबरच्या अगदी बारीक पॉलिश पेपरपर्यंत घासलं होतं. इतक्या गुळगुळीत लाकडात रंग शिरत नाही, म्हणूनच तो फिका आणि डागाळ बसला होता. या वेळी १५० नंबरच्या जाड पेपरवर थांबलो, सागवानाचा तेलकटपणा थिनरच्या फडक्यानं पुसला. रंग एकसारखा बसला.

स्टेनला आता तीन तारे. चौथा देत नाही, कारण खिडकीकडची बाजू उन्हानं वर्षाच्या आत विटली, आणि डब्याची किंमत पाहता हे मला पटत नाही.

खांबाचा बाक करायचाय. आधी चुंबक फिरवणार. स्टेन लावणार नाही, स्पिरिटमधलं लाख पॉलिशच. आजोबांच्या ओसरीवर तो खांब तसाच तांबूस दिसायचा.