गाडी जुनी, इंजिन भलतंच, गुन्हा आमच्या नावावर

"पन्नास वर्षांवरची गाडी आहे काका, हिला धुराचा कायदा लागतच नाही." हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल, त्याच्याकडून गाडी घेऊ नका. कायदा लागतो. १९६९ च्या गाडीलाही पीयूसी, म्हणजे धूर तपासल्याचं प्रमाणपत्र, लागतं, फक्त तिची मर्यादा सैल आहे. बीएस-२ (भारत स्टेज-२, धुराच्या सरकारी नियमांचा दुसरा टप्पा) च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, नंतरच्या गाड्यांना ०.५ टक्के किंवा त्याहूनही कमी. या सैल मापाच्या आडोशानेच सगळी चलाखी चालते.

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि आमच्या बडोद्यात या वेडाला जोर चढला. त्यामागोमाग दलाल आलेच. त्यांतल्या एकाकडून मी साडेचार लाखांना फियाट ११०० घेतली. रंग फिकट हिरवा, क्रोम चकाचक, दारं लावली की ठप्प असा भरीव आवाज. आत मूळचं १०८९ सीसीचं इंजिन नव्हतं. त्या जागी मारुतीचं १२९८ सीसीचं इंजिन होतं, गिअरबॉक्सही त्याचाच. त्यामुळे फियाटचा स्टिअरिंगजवळचा गिअर जाऊन खाली मधोमध दांडा आलेला. हे त्याने लपवलं नाही, उलट मिरवलं. "रूप फियाटचं, पळणार मारुतीसारखी!" इंजिनबदल आरसीत, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, चढवलाय, असं त्याने माझ्या मेहुण्यासमोर आणि गॅरेजवाल्यासमोर सांगितलं. बॉनेट उघडून इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर दाखवला. तो आरसीतल्या नंबराशी अंकन् अंक जुळत होता. मग आरसीत सीसी जुनीच का, असं मी विचारलं. उत्तर तयार होतं: "सीसी वाढवली की टॅक्स वाढतो, म्हणून आरटीओवाले तीच राहू देतात."

कुठलंही आरटीओ असं काही राहू देत नाही.

आरसीची मुदत संपत आली होती. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते. दर्जीपुऱ्याला आरटीओच्या निरीक्षकांनी चेसिस नंबरावर (गाडीच्या सांगाड्यावरचा नंबर) कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा बरोबर निघाला. मग इंजिनकडे वळले. तिथे ठसा घेण्याआधीच थांबले. अंक एका रेषेत नव्हते, एक वर एक खाली. ताज्या काळ्या रंगाखाली ग्राइंडरचे ओरखडे. मारुतीच्या ब्लॉकवरचा खरा नंबर घासून त्यावर फियाटचा नंबर पंचाने ठोकला होता. मूळ नंबरच नाहीसा झाल्यावर ते इंजिन भंगारातून आलं की चोरीच्या गाडीतून, हे कळणार कसं? आणि हा प्रश्न त्यांनी विचारला मला, कारण गाडी माझ्या नावावर.

मग त्यांनी पीयूसी मागितली. हल्ली त्या कागदावर गाडीचा फोटो असतो. मी तो आकड्यांसाठी पाहिला होता, मुदतीसाठी पाहिला होता. निरीक्षकांनी फोटोवर बोट ठेवलं: त्यातल्या फियाटच्या टपावर कॅरियर होता. आमच्या गाडीला कॅरियर कधी नव्हताच. म्हणजे आमची नंबरप्लेट दुसऱ्याच धडधाकट फियाटला टांगून तिचा धूर मोजला होता. कारण उघड आहे. आमच्या इंजिनाचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून विकलेला, सायलेन्सरच्या जागी नुसती नळी. मी नंतर दुसऱ्या केंद्रावर धूर मोजून घेतला तर कार्बन मोनॉक्साइड ५ टक्क्यांच्या वर! सैल मापातसुद्धा ती बसत नव्हती.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. धुराचे नियम मोडणारी गाडी चालवली, किंवा दुसऱ्याला चालवू दिली, तर कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय लायसन्स तीन महिने गेलं. बदल मी केलेला नाही, हे आधी मलाच कागदांनिशी दाखवावं लागतंय. विम्याचंही तेच. आरसीत एक इंजिन आणि गाडीत दुसरं असेल, तर अपघातानंतर कंपनी दाव्याला हात लावेल का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणि विकणारा? त्याच १८२-ए मध्ये अशी गाडी विकणाऱ्या डीलरला वर्षभरापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड आहे. पण त्यासाठी तो कागदावर डीलर म्हणून दिसायला हवा ना! आमच्या व्यवहारात त्याचं नाव कुठेच नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या कोऱ्या सह्या, पैसे त्याच्या भाच्याच्या खात्यात, बाकी रोख. फोन केला तर म्हणतो, "साहेब, मी तर फक्त ओळख करून दिली." १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंदही करावी लागते. ते अधिकारपत्र मागितल्यावर समोरचा चहा मागवायला उठला, तर तुम्हीही उठा.

व्हिंटेज नंबरचा किस्सा वेगळाच. "२०,००० द्या, दहा वर्षांची व्हिंटेज नोंदणी करून देतो," म्हणून त्याने वर तेवढे घेतले. आकडा खरा आहे, २०२१ च्या नियमात नव्या नोंदणीची फी तेवढीच आहे. पण ती नोंदणी मिळते पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीला. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. शिवाय अशी गाडी रोज मंडईत न्यायला नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशाच कामांची मुभा. आमची गाडी मूळ रूपाच्या अटीलाच बाद, आणि हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार?

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. आपण दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सगळ्यात कामी आले ते भाच्याच्या खात्यातले व्यवहार आणि "आरसीत सगळं चढवलंय" असं त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं बोलणं. असं काही तुमच्याकडे असेल तर पुसू नका. त्याच दलालाकडे आता एक निळी फियाट विकायला आली आहे. बघायला जाणार असाल, तर पीयूसीच्या फोटोत टपावर कॅरियर आहे का, तेवढं आधी बघा.