आयप्सा: ब्रिटनच्या खासदारांची बिलं घरबसल्या तपासण्याची सोय

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना मी ही सेवा वापरून पाहा म्हणून सारखी सांगत असते, आणि बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं. नाव आयप्सा, म्हणजे इंडिपेंडंट पार्लमेंटरी स्टँडर्ड्स अथॉरिटी. खासदारांचा पगार ठरवायचा, त्यांच्या ऑफिसचा, माणसांचा, प्रवासाचा, लंडनमधल्या घरभाड्याचा खर्च तपासून मंजूर करायचा आणि तो सगळा हिशेब लोकांपुढे मांडायचा, हे तिचं काम. साइट फुकट आहे, नाव-पत्ता काही द्यावा लागत नाही.

मी मिडलँड्समधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सेल्सच्या लोकांचे पेट्रोल, हॉटेल, जेवणाचे क्लेम तपासणं हे माझं रोजचं काम. पावती नाही तर पैसे नाहीत, हे समोरचा कितीही मोठा साहेब असला तरी मला सांगावं लागतं. म्हणून या साइटकडे मी तपासणाऱ्याच्या नजरेनंच बघते.

खासदाराचं नाव किंवा मतदारसंघ टाकला की त्यांचं पान उघडतं. वर मोठमोठे आकडे दिसतात, पण खरा माल डाउनलोड होणाऱ्या तक्त्यात आहे. तो एक्सेलमध्ये उघडा. प्रत्येक क्लेमला स्वतःचा नंबर, तारीख, खर्चाचा प्रकार, दोन-चार शब्दांत वर्णन. प्रवास असेल तर कुठून कुठे आणि किती मैल. आणि मग ते चार रकाने, ज्यांच्यासाठी मी ही सेवा डोक्यावर घेते: मागितलेली रक्कम, दिलेली रक्कम, न दिलेली रक्कम, परत केलेली रक्कम. क्लेम नाकारला असेल तर का नाकारला, तेही शेजारी. मी नोकरी केलेल्या एकाही कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या खर्चाचा इतका स्वच्छ तक्ता ठेवलेला मी पाहिला नाही.

आमच्या भागाच्या खासदारांचा तक्ता वाचायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा येतो, आणि तो यायलाच हवा. प्रिंटरचं टोनर. मतदारसंघातल्या ऑफिसचं भाडं. पाण्याचं बिल. लंडनचं रेल्वे तिकीट. गाडीचं मायलेज, मैलाला 45 पेन्स. हाच 45 पेन्सचा दर मी आमच्या सेल्समनलाही लावते, एक पेनी जास्त नाही. एका ओळीत एकच तिकीट दोनदा मागितलेलं होतं, ते दुसऱ्या वेळी नामंजूर झालेलं. अशी दुबार बिलं माझ्याही टेबलावर येतात. कुणीतरी ती पकडली, पैसे दिले नाहीत आणि तसं जगासमोर लिहून ठेवलं, हे बघून मला मनापासून बरं वाटलं.

नवीन क्लेम दर दोन महिन्यांनी टाकले जातात, तेही काही महिने मागचे. त्यामुळे काल पेपरात आलेल्या बातमीचा खर्च आज शोधायला जाऊ नका, तो सापडणार नाही.

आता तक्रारी. पहिली त्या वरच्या मोठ्या आकड्यांबद्दल. खासदाराच्या नावापुढे वर्षाचा दोन लाख पौंडांच्या वरचा आकडा दिसतो आणि वाचणाऱ्याचं डोकंच फिरतं. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर वर्षी असा एखादा स्क्रीनशॉट फिरतो, खाली चिडलेल्या प्रतिक्रियांची रांग. पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा खासदाराच्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसांच्या पगाराचा असतो. व्हिसाची अडचण घेऊन आपण जातो तेव्हा आपली फाइल हातात घेणारी ती मुलगी, तिचा पगार त्यात आहे. तो खासदाराच्या खिशात जात नाही. 2020 मध्ये कोविडच्या सुरुवातीला ऑफिस खर्चाची मर्यादा 10,000 पौंडांनी वाढवली, तेव्हाही लोकांनी ते खासदारांना मिळालेलं बक्षीस समजून आरडाओरड केली. ती रक्कम माणसांना घरून काम करता यावं म्हणून होती, आणि तिचाही हिशेब द्यावाच लागणार होता. आयप्सानं हे आकडे वरच्या पानावरच ठळक वेगळे करून, साध्या भाषेत समजावून सांगायला हवेत. राग चुकीच्या ओळीवर निघाला की खऱ्या ओळीवाला सुटतो.

आणि लोकांचा राग उगीच आलेला नाही. तो कुठून आला हे नव्यानं इथे आलेल्यांनी समजून घ्यावं. आयप्साच्या आधी खासदारांचे खर्च पार्लमेंटचंच एक ऑफिस बघायचं. लंडनबाहेरच्या खासदारांना दुसऱ्या घरासाठी भत्ता होता, आणि एके काळी 250 पौंडांच्या आतल्या खर्चाला पावतीसुद्धा लागत नसे. स्वयंपाकघरासाठी 10,000 पौंडांपर्यंत, टीव्हीला 750 पौंडांपर्यंत चालेल, अशी एक आतली यादी होती, जॉन लुइस या दुकानाच्या किमतींवरून केलेली. खासदारांना ती दाखवतही नसत. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून लागू झाला आणि हेदर ब्रुक यांच्यासारख्या पत्रकारांनी बिलं मागायला सुरुवात केली. सभागृहानं शेवटपर्यंत विरोध केला. मे 2008 मध्ये हायकोर्टानं बिलं द्या म्हणून निकाल दिला, तरी बहुतेक खासदारांची वर्षभर दिली नाहीत. शेवटी 8 मे 2009 पासून डेली टेलिग्राफनं फुटलेली बिलं रोज छापायला घेतली. जूनमध्ये पार्लमेंटनं स्वतःहून कागद टाकले, तेव्हा पानंच्या पानं काळ्या पट्ट्यांनी झाकलेली होती.

त्या कागदांत काय नव्हतं! गृहमंत्री जॅकी स्मिथ यांच्या खर्चात 88 पेन्सचं बाथटबचं बूच. डग्लस हॉग यांनी दिलेल्या खर्चाच्या यादीत घराभोवतीचा खंदक साफ करण्याचे 2,115 पौंड. सर पीटर विगर्स यांच्या कागदांत तळ्यातल्या बदकांच्या तरंगत्या घराचे 1,645 पौंड. हे बदकांचं घर अजून लोकांच्या तोंडी आहे, पण त्यातली एक गोष्ट फार कमी जण सांगतात: त्याचे पैसे दिलेच गेले नव्हते. तपासणाऱ्यानं त्या खर्चावर 'नियमात बसत नाही' असा शेरा मारून तो बाजूला काढला होता. त्या अनोळखी कारकुनाबद्दल मला फार आदर वाटतो. समोरच्या माणसाच्या सहीवर आपला पगार अवलंबून असताना असा शेरा लिहायला छाती लागते. बाकी कितीतरी ठिकाणी ती छाती कुणी दाखवली नाही, कारण तपासणारे ज्यांचे नोकर, त्यांचीच बिलं ते तपासत होते.

पुढं जे झालं ते इथल्या इतिहासात गेलं. सभापती मायकल मार्टिन यांना खुर्ची सोडावी लागली, 1695 नंतर सभापतीला असं घालवण्याची ती पहिलीच वेळ. डेव्हिड चेटर, एलियट मॉर्ली, जिम डिव्हाइन, एरिक इल्स्ली हे माजी खासदार खोट्या क्लेमबद्दल तुरुंगात गेले. सर थॉमस लेग यांच्या तपासणीनंतर खासदारांना मिळून दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम परत करायला सांगितली गेली. आणि 2009 च्या कायद्यानं आयप्सा जन्माला आली, मे 2010 पासून खर्च तिच्या हातात गेला.

माझी दुसरी तक्रार इथेच येते, आणि ती मोठी आहे. तक्ता आहे, पण पावत्या नाहीत. मूळ बिलाचा फोटो साइटवर सरसकट लावलेला नसतो, तो वेगळा अर्ज करून मागावा लागतो. 2010 साली आयप्सानं सुरुवात केली तीच पावत्या न दाखवता. एका पत्रकारानं मागितल्या तर बिलातला मजकूर टाइप करून देऊ, बिल देणार नाही, अशी भूमिका घेतली. भांडण कोर्ट ऑफ अपीलपर्यंत गेलं आणि एप्रिल 2015 मध्ये कोर्टानं बजावलं की बिलाची प्रतच द्यायची. माझ्या कामाची शपथ घेऊन सांगते, कोर्टाचं बरोबर होतं. टाइप केलेल्या ओळीत 'ऑफिस साहित्य' एवढंच दिसतं. बिलावर दुकानाचं नाव असतं, वेळ असते, कुणी हातानं खोडलेलं असतं, रविवारी संध्याकाळी घेतलेली खुर्ची असते. चोरी पकडली जाते ती बिलावर. पत्ता आणि बँकेचे तपशील झाकून प्रत्येक ओळीशेजारी बिल लावायला आज काही अवघड नाही. खासदारांची सुरक्षितता हा खरा प्रश्न आहे, दोन खासदारांचे खून या देशानं पाहिलेत, म्हणून सुरक्षेचा खर्च आणि घराचे पत्ते झाकलेले मला मान्य आहेत. टोनरच्या बिलाला ते कारण लागू होत नाही.

पगाराबद्दल. खासदारांचा पगार 2011 पासून आयप्सा ठरवते, सभागृहात त्यावर मतदान होत नाही. 2015 मध्ये तो 67,060 वरून एकदम 74,000 पौंड केला, खुद्द पंतप्रधान कॅमेरॉन यांनी नको म्हटलं तरी केला. एप्रिल 2025 मध्ये तो 93,904 पौंड झाला. लोक चिडतात, पण स्वतःचा पगार स्वतः वाढवला असं तरी कुणाला म्हणता येत नाही. ही व्यवस्था मला पटते.

शेजारच्या आजी मात्र माझ्याशी सहमत नाहीत. 2024 च्या हिवाळ्यात सरकारनं बहुतेक पेन्शनरांचं विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे वर्षाला 200 ते 300 पौंडांची हीटिंगची मदत, बंद केली. आजींची पेन्शन मर्यादेच्या थोडी वर, त्यामुळे त्यांचे पैसे गेले. अंगावर दोन स्वेटर घालून त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, त्या साइटवर खासदाराचं गॅसचं बिल दाखव. लंडनमधल्या दुसऱ्या घराचं वीज-गॅसचं बिल खासदारांना मागता येतं, नियमात बसतं. मी ओळ काढून दाखवली. आजींनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला, आणि खासदारांना पत्र लिहायला माझ्याकडून कागद मागून घेतला. पत्रात त्यांनी क्लेमचा नंबर घातला. उत्तर आलं, दोन पानी, सहीसकट. आजींचे पैसे त्या पत्रानं परत आले नाहीत. पण नंबर घालून विचारलं की उडवून लावता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

सातारला वडिलांना हे फोनवर सांगितलं. ते एका महामंडळातून निवृत्त झालेत, ईपीएस-95 ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली, पेन्शन मिळते, महिन्याला तीन हजारांच्या आत. आमदाराला एकच टर्म झाली तरी महिन्याला 50 हजार. ऑगस्ट 2016 मध्ये विधिमंडळानं आमदारांचा पगार 75 हजारांवरून दीड लाखाच्या पुढं नेला, चर्चा न करता. राज्यघटनेनं तो अधिकार विधिमंडळालाच दिलाय, त्यामुळे बेकायदा काही नाही. भारतातल्या खासदारांचं 2018 पासून महागाई निर्देशांकाला जोडलंय, त्याप्रमाणे 2025 मध्ये पगार 1 लाखाचा 1 लाख 24 हजार झाला, दैनिक भत्ता 2,000 चा 2,500. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्या आमदाराची अशी बिलं कुठं बघायची गं?" मला सांगावं लागलं की बघायला बिलंच नाहीत. टेलिफोनचे, टपालाचे, संगणकाचे पैसे दरमहा ठोक मिळतात, खर्च करा नाहीतर करू नका. पावती तयारच होत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करून मागणार काय? माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात 2002 सालीच आला, देशाच्या तीन वर्षं आधी, त्यासाठी लोक उपोषणाला बसले. त्याच राज्यात हा रकाना कोरा आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

साइटला पाचपैकी चार. एक गुण पावत्यांसाठी राखून ठेवलाय.

वापरायची असेल तर वरचे एकूण आकडे सोडा, थेट वर्षाचा तक्ता उतरवा. 'न दिलेली रक्कम' हा रकाना मोठ्यापासून छोट्याकडे लावा, मग 'परत केलेली रक्कम'. जी ओळ खटकेल तिचा क्लेम नंबर लिहून घ्या आणि माहिती अधिकारात आयप्साला ईमेल करून त्या बिलाची प्रत मागा. कारण सांगावं लागत नाही, फी लागत नाही, आणि 20 कामाच्या दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.