छोटी मफल भट्टी: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात आमचं छोटं वर्कशॉप. पिना, बुश, लहान शाफ्ट. बहुतेक माल इएन-८, म्हणजे मध्यम कार्बनचं पोलाद. हार्डनिंग (तापवून कडक करणं) बाहेर द्यायचो तेव्हा आमच्या मूठभर जॉबचा, म्हणजे तुकड्यांचा, नंबर सगळ्यात शेवटी. म्हणून गेल्या पावसाळ्यात सिंगल फेजची मफल भट्टी (विजेच्या वायरनं आतली बंद पोकळी तापवणारी) घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. या मापाच्या भट्ट्या आतून बहुतेक सारख्याच असतात.

कंट्रोलर चांगला आहे, पण तो ८५० दाखवतो ते भट्टीच्या पोकळीचं तापमान. जॉबचं तापमान मागे असतं. एका जाड तुकड्याला भोक पाडून आत दुसरं थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बसवलं, तेव्हा खरी गंमत कळली. आकडा झरझर चढला आणि ७३० च्या आसपास रेंगाळला. भट्टीची वायर लालभडक, तरी आकडा पुढं सरकेना. त्या वेळची उष्णता तापमान वाढवण्यात नाही, अणूंची मांडणी मोडून नवी लावण्यात जात असते. थंड लोखंडात घनाच्या कोपऱ्यांवर अणू आणि एक मधोमध. ही मांडणी टिकण्यात अणूंमधल्या चुंबकीय ओढीचाही हात असतो. तापलं की ती ओढ सैल पडते, आणि शुद्ध लोखंड ९१२ डिग्रीला दुसऱ्या मांडणीत जातं: घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर अणू. तिथं कार्बनला बसायला ऐसपैस जागा, त्यामुळं पोलादात हा बदल ७२७ लाच सुरू होतो. इएन-८ मात्र त्याहून बरंच वर नेऊन, मुरू देऊनच काढावं.

मग क्वेंच, म्हणजे तापलेला जॉब एकदम गार करणं. कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, लोखंडाचे अणू एकदम सरकतात, जाळी ताणलेलीच राहते. कडकपणा येतो तो यातूनच. खानापूरकडचा लोहार कोयत्याला पाणी देतो ते हेच. तो नुसता रंग बघतो, आणि आमच्यापेक्षा कमी जॉब बिघडवतो!

आता तक्रारी. दाराच्या फटीतली सीलची दोरी लवकर गेली. भट्टीची वायर एकदा तापून गार झाली की ठिसूळ होते, आतले दाणे वाढतात. गार असताना वाकवायला गेलात तर तुटलीच. आत साधी हवा, त्यामुळं जॉबच्या कातडीचा कार्बन जळतो आणि वरचा थर मऊ राहून त्यावर फाइल (कानस) लागते. यावर आमचा हुक्केरीचा हेल्पर डब्यात बिडाचा चुरा आणि कोळसा भरून त्यात जॉब पुरतो. चुरा इथल्या फाउंड्र्यांमुळं हवा तेवढा मिळतो. फरक पडला, चांगलाच पडला.

सगळ्यात कमजोर बाजू म्हणजे कमी तापमान. इएन-३१ (बेअरिंगचं पोलाद) ला टेंपरिंग, म्हणजे ताण कमी करायला पुन्हा हलकं तापवणं, १८० च्या आसपास लागतं, आणि भट्टी तिथं थांबतच नाही, आकडा सरळ वर उडी मारतो. क्वेंचनंतर ताणलेला जॉब तसाच ठेवला तर तडकायची भीती, त्यामुळं टेंपरिंग लांबवता येत नाही. म्हणून सध्या टेंपरिंगला भंगारातून आणलेला बेकरीचा ओव्हन शेजारी ठेवलाय.