चंद्र : ग्रीकांची देवी, आपला मामा

ग्रीकांचा चंद्र म्हणजे बाई. सेलीनी तिचं नाव, सूर्यदेव हेलिओसची बहीण, रथातून आभाळ पार करणारी. रोमनांची लूना तशीच. अमावास्या ते अमावास्या साधारण 29.5 दिवस, पाळीचं चक्रही त्याच्या आसपास. इंग्रजीतला 'मेन्सेस' हा शब्दही लॅटिनमधल्या महिन्यावरून आलेला.

आपला चंद्र पुरुष, 27 नक्षत्रांचा नवरा. बाईला 'चंद्रमुखी' म्हणतो, ते फक्त रूपापुरतं. खरं नातं वेगळंच आहे. आई बाळाला 'चांदोमामा' दाखवते, म्हणजे तो तिचा भाऊच की! भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. माझी आत्या ओवाळायची. द्वितीयेची कोर बारीक, लवकर मावळते, म्हणून दिवेलागणीलाच तबक घेऊन गच्चीवर. सुपारी, अक्षता, निरांजन.

सेलीनी भव्य आहे, मान्य. पण मला हा मामाच जवळचा वाटतो. एकट्या बाईला त्याने माहेर दिलं. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून आत्या पदर आडवा धरायची आणि कोर दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहायची.